मेंढ्या बसवल्या तिथवर

"अब जरा उठके दिखाव," हकीम म्हणाला.

बन्सीधर उठायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. वालूरच्या बाजारात लिंबाखाली हकिमाची चटई पसरलेली असे. तिच्यावर बसणं सोपं होतं, उठणं मात्र त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. शेवटी दोन बाजारकरूंनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं केलं. त्यातला एक तोंड फिरवून हसला, तेही त्यांना दिसलं.

"मालक, तुमको बीमारी कुछ नहीं. बैठक हाय," हकीम म्हणाला. "रोज सुबह एक कोस चलो. घी बंद, गूळ बंद. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, बस. नहीं चले तो दो साल में दिल थक जाएगा."

दोन वर्षांत आपण मरू हे ऐकून माणसाने घाबरावं. बन्सीधर घाबरले नाहीत. घरी येताना त्यांना हेच खटकत राहिलं.

बायको मनकर्णा जाऊन तीन वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. शेती पुतण्या भुजंग बघायचा आणि समोरच्या त्याच्याच घरातून दोन वेळचं ताट यायचं. ताटात तुपाची धार असे, गुळाचा खडा असे, वर आग्रहाचा निरोपही असे. ताट येई, माणूस येत नसे. बन्सीधर ओट्यावर एकटे जेवायचे आणि जेवण संपलं की करायला काही नाही म्हणून आणखी मागवायचे. अंगावर चढलं होतं ते तूप नव्हतंच, ती रिकामी दुपार होती.

हकिमाचं ऐकून ते चार दिवस विहिरीपर्यंत चालून आले. जायचं, वळायचं, यायचं. घाण्याच्या बैलाच्या फेऱ्यांतून निदान तेल तरी निघतं. पाचव्या दिवशी त्यांनी पायताण काढून ठेवलं आणि गूळ मागवला.

माघात रब्बीची ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली आणि गोदावरीपलीकडचे धनगर मेंढ्या घेऊन आले. दरसालची रीत होती. रानात दोन-तीन रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं आणि धनगराला त्याबद्दल ज्वारी द्यायची. त्या वर्षी पहिला मान बन्सीधरांच्या शेताला आला. मालकाला पहिल्या सकाळी जाऊन धनगरांचा वाडा, म्हणजे रानातला तळ, बघावा लागतो, म्हणून ते अर्धा कोस धापा टाकत गेले.

उमाजी धनगर मेंढ्यांचे खूर तपासत होता. त्याची बायको कासाबाई भाकरी थापत होती.

"मालक, बसा की. उभं कामून?" ती म्हणाली.

"बसलो तर उठवायचं कोणी?"

"आमी हाव की!" उमाजी म्हणाला. "गाभण मेंढी उठवताव, तुमी काय तिच्याहून जड हाव?"

बन्सीधर हसले. पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसताना आपला आवाज असा निघतो हे ते विसरूनच गेले होते. कासाबाईने न विचारता त्यांच्या हातावर भाकरी ठेवली, वर लसणाचा ठेचा. उमाजी कोणत्या मेंढीचा स्वभाव कसा ते सांगत होता. ऐकता ऐकता दीड भाकरीत त्यांचं पोट भरलं. घरी पाच खाऊनही काही तरी राहिल्यासारखं वाटायचं.

तीन रात्रींनी वाडा शेजाऱ्याच्या शेतात हलला. आता तिथे त्यांचं काही काम नव्हतं. तरी चौथ्या पहाटे पाय निघालेच.

"हकिमानं चालायला सांगितलंय," त्यांनी गेल्या गेल्या सांगून टाकलं.

"मग चाला की. भाकर तयार हाय," कासाबाई म्हणाली.

वाडा एका जागी राहत नाही. दोन रात्री इथे, तीन रात्री तिथे, दरवेळी चार-दोन रानं पुढे. चैत्रात तो गावापासून कोसावर गेला, वैशाखात देवगावच्या अंगाला दोन कोसांवर. आपण किती चालतो हे बन्सीधरांनी कधी मोजलं नाही. वाडा पुढे सरकायचा आणि ते त्याच्या मागे. रात्रीच्या ताटातलं तूप ते परत पाठवू लागले, त्यावरून भुजंगाच्या बायकोचा रुसवाही झाला. बंडी अंगात खेळायला लागली. उमाजीबरोबर ते आता उकिडवे बसून कोकरं धरायचे.

"काका, लोक म्हणायलेत, तुमी दुसरं लगीन करायलाव म्हणून बारीक व्हायलाव," भुजंग एकदा दारातूनच म्हणाला.

"मग पोरगी बघा म्हणावं," बन्सीधर म्हणाले आणि पायताण घालून निघाले.

वैशाखाच्या शेवटच्या बाजारात हकिमाने नाडी बघितली, पोट दाबलं आणि तो खूश झाला. "शाबास! अब इतना मत चलो, धूप बहोत है. आधा कोस बस हुआ." बन्सीधरांनी मान हलवली. हकिमाने चालणं कमी केल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दोन कोस गेले.

पण ज्येष्ठ काही कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. काळ्या रानात पाऊस पडला की चिखलात मेंढ्यांचे खूर सडतात, म्हणून मृगाआधी धनगर माळरानाकडे उठतो. बन्सीधर शेतकरीच होते. त्यांना हे जन्मापासून ठाऊक होतं, तरी त्या पहाटे घोड्यावर लादलेली भांडी बघून ते जागीच उभे राहिले.

"आज चूल न्हाई पेटवली, मालक," कासाबाई हलक्या आवाजात म्हणाली.

त्यांना एकच विचारायचं होतं, कुठं जाणार? पण निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत, वाट अडते. धनगर तर हे फार पाळतात. पुढल्या साली याच अंगाला येणार का, की चारा दिसेल तिकडे जाणार, हेही त्यातच आलं. या चार महिन्यांत मला 'बसा' म्हणणारी तुम्ही दोघंच होतात, हेही त्यांना सांगायचं होतं. तेही जमलं नाही.

ते कळपाबरोबर दुधना नदीपर्यंत चालत गेले. एक लंगडं कोकरू त्यांनी काखेत घेतलं होतं, ते काठावर उमाजीच्या हातात दिलं.

"फिरा आता माघारी. ऊन व्हायलंय," उमाजी म्हणाला. मग कोकरू खांद्यावर घेत, "चाल चांगली लागली बगा तुमाला."

"नीट जावा," बन्सीधर म्हणाले.

धूळ बसेपर्यंत ते काठावर उभे होते. तिथून घरापर्यंत साडेतीन कोस त्यांना एकदाही दम लागला नाही. कुठे तरी दम लागावा, घटकाभर टेकायला निमित्त मिळावं, असं त्यांना वाटेत फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्याच वेळी निघाले. शेवटचा वाडा दिनकररावांच्या रानात बसला होता. दिनकरराव वखराला बैल जुंपत होते.

"काका, तुमी? मेंढ्या तर काल गेल्या."

"मेंढ्यांचं काय करायचंय मला. हकिमाचा हुकूम हाय, रोज इथवर यायचं."

"आता तर लय बारीक झालाव की. अजून सोडंना का तुमाला? लय कडक दिसायलाय हकीम."

"लय," बन्सीधर म्हणाले.

दिनकरराव बैलांकडे वळले. बन्सीधरांनी हाताने लेंड्या बाजूला सारून माणूसभर जागा केली आणि ते खाली बसले.