कंसाबाहेरचे वजा

कोणीच काही बोलले नाही.

सरांनी खडू खाली ठेवला, बोटांवरची पूड झटकली आणि पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभ्या केलेल्या फोनकडे पाहिले. पडद्यावर काळे चौकोन होते, प्रत्येक चौकोनात एकेक आद्याक्षर. शाळा बंद होती, म्हणून कपाटाच्या दाराला काळा रंग देऊन त्यांनी घरीच फळा केला होता. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेले होते : १२ − (५ − ३) = १२ − ५ − ३ = ४.

चूक होती. मुद्दाम केलेली होती.

"मग? बरोबर आहे ना?" सर म्हणाले.

काळे चौकोन तसेच राहिले.

एका तासाला एक चूक, आणि तीही न सांगता, ही सरांची बावीस वर्षांची रीत. ज्याला ती सापडेल त्याने उठायचे, सरांच्या हातातून खडू घ्यायचा आणि सरांच्याच गणितावर रेघ मारायची. त्यापायी मुलांनी त्यांचे नाव 'चुकेसर' पाडले होते. ते नाव स्वच्छतागृहाच्या भिंतीवर कोरलेले त्यांनी वाचले होते, आणि दोन दिवस खुशीत काढले होते.

यंदाच्या सातवीत खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. तिला सारा वर्ग 'घार' म्हणे. सरांचे चुकीचे चिन्ह फळ्यावर पुरते उमटायच्या आत ती उठून उभी असायची.

"सर, चुकलं!"

"कुठे? छे! बावीस वर्षं मी हे असंच शिकवतोय."

"मग बावीस वर्षं चुकतंय, सर."

वर्ग खदाखदा हसायचा. सर कपाळाला हात लावायचे, खडू पुढे करायचे. खरे तर तिचा आवाज येण्याआधीच त्यांना कळलेले असे. चूक आधी मुलांच्या पाठींना कळते. वाकलेली एखादी पाठ अलगद ताठ होते, चालता पेन थबकतो, आणि अवघ्या खोलीत, वाऱ्याची झुळूक गवतावरून जावी तशी, एक शंका सरकत जाते. ती झुळूक अंगावर घेण्यासाठीच सर वर्गाकडे पाठ करून उभे राहत.

आता त्या पाठी नव्हत्या. तासाच्या आरंभी मात्र फार कालवा होता. कुणाकडे मिक्सर, कुणाकडे भांडण, कुणाची आजी विचारत होती, "हा माणूस कोण रे?" शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंनी आदल्या दिवशी एक बटण सांगून ठेवले होते. ते दाबले आणि सारे एकदम शांत झाले. सरांना बरे वाटले होते. शांत झालेला वर्ग कुठल्या शिक्षकाला आवडत नाही?

"एकालाही दिसत नाही?" त्यांचा आवाज चढला. "घार, तुलाही नाही? मी थांबतो. मला घाई नाही."

आतून पत्नीने विचारले, "अहो, कुणाशी बोलताय?"

"कुणाशीच नाही. तेच तर दुखणं आहे."

"मग जरा हळू बोला. शेजारी ऐकतायत."

"शेजारी तरी ऐकतायत!"

ते थांबले. हट्टाने थांबले. फळ्यापाशी हाताची घडी घालून उभे राहून ते त्या चौकोनांकडे रागाने पाहत राहिले. अखेर चाळीस मिनिटांची मुदत संपली आणि फोनवरचा वर्ग आपोआप तुटला. उद्या सांगू, असे त्यांनी मनाशी म्हटले.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाची पाळी होती. मग दोन दिवस वीज गेली. मग भूमितीचा धडा आला. सर विसरले. शाळेतल्या फळ्यावर राहून गेलेली चूक सकाळी दारातूनच डोळ्यांत खुपते आणि आपली आठवण आपणच करून देते. पडद्यावरचे काहीच कुठे उरत नाही, असे त्यांना वाटत होते.

ते मात्र उरले होते. शाळेने प्रत्येक तासाचे चित्रण जपून ठेवले होते, आणि परीक्षेआधी मुलांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले.

परीक्षा शाळेत झाली, एकेका बाकावर एकेक मूल बसवून. या परीक्षेतूनच गणिताच्या विशेष वर्गासाठी पाच जण निवडायचे होते. सर उत्तरपत्रिका तपासायला बसले. पाचवा प्रश्न कंसाचा होता, तेच गणित, दोन गुणांचे. उत्तर चार. पुढची पत्रिका, चार. त्याच्या पुढचीही चार. लाल पेन हळूहळू जड होत गेला. मग घारीची पत्रिका आली. तिने स्वच्छ अक्षरात दहा लिहिले होते. बरोबर. मग त्या दहावर एक तिरकी रेघ मारली होती आणि वर, बारीक अक्षरात, चार लिहिले होते.

बराच वेळ सर त्या रेघेकडे पाहत राहिले. कागद तिथे किंचित फाटला होता.

निवडीत ती सहावी आली, दोन गुणांनी.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्यांनी सरांना खोलीत बोलावले, तेव्हा संगणकाच्या बाई तिथे बसलेल्याच होत्या. टेबलावर त्या दिवसाचे चित्रण सुरू होते. सरांनी स्वतःला पाहिले : कपाटाच्या दारापुढे हाताची घडी घालून उभा असलेला, कुणावर तरी चिडलेला एक म्हातारा.

"मुद्दाम केली होती ती चूक," सर म्हणाले. "माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे."

"मला आहे हो ठाऊक. पण यात मुद्दाम कुठे दिसतंय? यात नुसतं चुकलेलं दिसतंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पण एकाने तरी बोलायला हवं होतं. एवढी एक्केचाळीस मुलं…"

संगणकाच्या बाईंनी मान खाली घातली. मग बोट पुढे करून पडद्याच्या कोपऱ्यातले एक इवलेसे चित्र दाखवले. माइक, आणि त्यावर तिरकी रेघ.

"सर, ते बटण… सगळ्यांचे आवाज बंद होते. मुलांना त्यांच्या बाजूनं उघडताही येत नव्हते. मी नीट सांगायला हवं होतं."

सरांनी त्या रेघेकडे पाहिले. घारीच्या पत्रिकेतल्यासारखीच होती. तितकीच तिरकी.

"तिचे दोन गुण…" ते कसेबसे म्हणाले.

"निवडीची यादी वर गेली, सर," मोठ्या बाई म्हणाल्या.

शाळा पुरती उघडली तेव्हा बाकांवर धूळ होती आणि मुले उंच झाली होती. सरांनी नवा खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले : १२ − (५ − ३) = १२ − ५ − ३ = ४. मग वर्गाकडे पाठ करून ते उभे राहिले. वाट पाहत.

मागे पेनांची एकसारखी खसखस होत होती. ती कुठेच थबकली नाही. सरांनी वळून पाहिले. साऱ्या पाठी वाकलेल्या होत्या. मुले उतरवून घेत होती. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची पाठही वाकलेली होती.

घंटा झाली. मुले गेली. घार वही दप्तरात ठेवत होती.

"घार, फळ्यावर काय चुकलंय?"

तिने फळ्याकडे पाहिले. "तुम्ही लिहिलंय, सर. बरोबरच असेल."

"नाही गं. बघ तरी." त्यांनी खडू पुढे केला. "त्या दिवशी तुमचे आवाज मीच बंद केले होते. मला कळलंच नाही. खरं सांग, तू तेव्हा बोलली होतीस? 'चुकलं' म्हणाली होतीस?"

तिने खडूकडे पाहिले. क्षणभर तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. निदान सरांना तसे वाटले. मग तिने दप्तर खांद्यावर घेतले, बाक नीट रांगेत सरकवला आणि ती दाराकडे चालू लागली. सर खडू पुढे धरून तसेच उभे राहिले. ओसरीत तिच्या पावलांचा आवाज दूर दूर होत गेला.