राखाडी गल्ल्या

नववीत आमच्याकडे फिनलंडमध्ये प्रत्येकाला एक आठवडा शाळेऐवजी कुठेतरी कामाला जावं लागतं. माझी मैत्रीण ऐनी बेकरीत गेली आणि मी मुद्दाम सॉफ्टवेअर कंपनीत, कारण मला सगळं जमतं असं मी या वर्षी ठरवून टाकलंय. ताम्पेरेतल्या जुन्या कापड गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर चार टेबलं, एक कॉफीचं यंत्र आणि तौनो. तौनो एकसष्ट वर्षांचा. त्याने माझं नाव विचारलं, मी हिल्ला म्हटलं, आणि तो परत आपल्या स्क्रीनकडे वळला. मला वाटलं रागावलाय. दुपारपर्यंत कळलं, नुसता दमलाय.

कंपनीचं काम असं, की शहरातल्या पायवाटांवरचा बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरांना कुठे जायचं ते कळवायचं. प्रत्येक गल्ली हे क्लाउडमधलं एक काम. रांगेत असली की नकाशावर ती पिवळी दिसते, चालू असली की निळी, फसली की लाल, झाली की हिरवी. मला तक्रारींचा फोन दिला होता. पहिलाच फोन हिल्क्का न्यूस्सोनेन बाईंचा. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत. गुडघाभर बर्फ आहे म्हणाल्या. मी नकाशा बघितला, गल्ली हिरवीगार.

"तुमची गल्ली साफ झालेली आहे," मी एकदम रुबाबात सांगितलं.

"मग मी काय ढगात उभी आहे का, बाळ?"

मंगळवारीही तेच. मीही तेच सांगितलं. बुधवारी त्यांचा फोन आलाच नाही, शेजाऱ्यांचा आला. बाई टपाल आणायला निघाल्या, पडल्या, मनगट मोडलं.

मी फोन ठेवला आणि तौनोकडे गेले. माझा चेहरा बघून त्याने खुर्ची सरकवून दिली. मग आम्ही दोघांनी मिळून शोधलं, म्हणजे त्याने शोधलं आणि मी शेजारी बसून राहिले. क्लाउड कंपनी तिच्या यंत्रणेशी बोलण्यासाठी कोडचा एक आयता संच देते, त्याला सगळे एसडीके म्हणतात. कामाच्या स्थितींची ठरावीक यादी त्यात असते. आमचा संच जुना, त्यात चारच नावं. शरद ऋतूत क्लाउडवाल्यांनी पाचवं घातलं, 'स्थगित'. गर्दी झाली की ते काही कामं बाजूला ठेवतात, आणि ती ट्रॅक्टरपर्यंत पोचतच नाहीत. आमच्या संचाला हे नाव माहीत नाही, म्हणून तो प्रामाणिकपणे कळवत होता, 'हे मी ओळखत नाही'. आणि आमचा प्रोग्राम बघायचा, रांगेत आहे का? नाही. चालू? नाही. फसलं? नाही. मग उरलं ते 'झालं'. हिरवं.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"मी. नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा चारच होती." तौनोने चष्मा काढून डोळे चोळले.

कंपनीची मालकीण मार्यूत. गुरुवारी तीन वाजता तिला महापालिकेच्या लोकांना नकाशा दाखवायचा होता. तिचं म्हणणं, नवा संच घ्या, पाचवं नाव यादीत घाला, तासाभराचं काम, नकाशा नीट दिसला पाहिजे. तौनो हो म्हणाला. हे असं तो तिसऱ्यांदा करणार होता, मागे दोनदा दुसऱ्या याद्यांमध्ये केलेलं. शिवाय त्याच्या इमारतीतल्या सामायिक सौनात, म्हणजे वाफेच्या गरम खोलीत, दर गुरुवारी सहा ते सात त्याची पाळी असते, आणि गेल्या दोन पाळ्या कामापायी बुडाल्या होत्या.

मला राहवेना. "आणि उद्या त्यांनी सहावं नाव घातलं तर?"

"उद्या मी इथे नसेन. जूनमध्ये निवृत्त होतोय."

"हिल्क्काबाई असतील."

मग मी त्याला शाळेचं सांगितलं. एखादा मुलगा वर्गात नसला तर बाई त्याला हजर लावत नाहीत आणि दांडीही लावत नाहीत. 'कारण कळलेलं नाही' असं लावतात, आणि घरून उत्तर येईपर्यंत ते तसंच लाल अक्षरांत राहतं. आमच्या बाईंना जमतं, तर प्रोग्रामला का नाही?

तौनोने थंड झालेली कॉफी संपवली. "तू फार बोलतेस," म्हणाला आणि कीबोर्ड पुढे ओढला.

त्याने 'झालं'ला स्वतःची ओळ दिली, म्हणजे क्लाउडने 'झालं' असं कळवलं तरच हिरवं. बाकी जे ओळखीचं नाही ते राखाडी, आणि राखाडी दिसलं की माणसाने ड्रायव्हरला विचारायचं. गुरुवारी दोन वाजता चालू केलं. हिरव्या नकाशावर एकतीस गल्ल्या राखाडी झाल्या. मार्यूत बघत राहिली. "मी हे घेऊन महापालिकेपुढे जाऊ का?" तिने विचारलं.

"खरं तेच आहे," तौनो म्हणाला. "चूक माझी होती, तसंच सांग."

ती गेली, दार जरा जोरात लावून. मी ड्रायव्हरांना फोन लावत बसले, एकेक गल्ली विचारत, राहिली असेल तिथे त्यांना पाठवत. तौनोही दुसऱ्या फोनवर बसला, कपाळ टेबलाला टेकलेलं, आवाज मात्र शांत. सहा वाजून गेले. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, त्याने नकारार्थी मान हलवली आणि पुढचा नंबर लावला.

साडेसहाला हिल्क्काबाईंचा फोन. मी आधी माफी मागितली, नीट, रुबाब न करता. त्या म्हणाल्या, हात प्लास्टरमध्ये आहे, पण खिडकीखाली आत्ता ट्रॅक्टर येऊन गेला.

"नकाशावर अजून राखाडी आहे," मी म्हटलं.

"मग बदल की. मी बघतेय ना इथून."

मी ती हिरवी केली. तौनोने उठून कोट चढवला. उरलेल्या तीन गल्ल्या मी विचारते म्हटलं.

"सौनाची पंधरा मिनिटं तरी मिळतील," तो म्हणाला आणि जिना उतरू लागला, सावकाश, कठडा धरून.