बाटली

"म्हंजे, विहीर बाटली म्हनायलाव का तुमी?" पंचायतीचे चेअरमन बंडेप्पा म्हणाले, आणि विहिरीजवळची सगळी माणसं हेमावतीकडे वळली.

आरोग्य खात्यातल्या हेमावतीच्या हातात पाण्याच्या नमुन्याची काचेची बाटली होती. "बाटली न्हाई, अप्पा. दूषित झाली. उकिरड्याचं पाणी झिरपून आत चाललंय. बीदरला तपासलं, पटकीचे जंतू निघाले."

"एकच की! कुनी बाटवली, त्ये सांगा," मागून कुणी म्हणालं. "रातच्याला पानी कोन शेंदतंय, ठावं हाय समद्यास्नी."

माना गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्याकडे वळल्या. प्रयोगशाळेत 'दूषित' हा साधा शब्द होता.

"कुणाचा हात लागून हे होत न्हाई," ती घाईने म्हणाली. "ब्लीचिंग पावडर टाकू द्या. आज हे पाणी नको, टँकर मागवा."

"टँकर कामून? गावाचं नाव खराब कराय? पावडरीचं पानी पोरं वकत्यात. सकाळीच गोमूत्र टाकलंय, झाली शुद्ध." बंडेप्पा हसले. "च्या प्यालाव न्हवं आमच्या घरी? जावा आता."

कट्ट्याशी बसलेल्या गुरुबाईचा नातू परवाच हगवण-उलटीने गेला होता. आता तिची नात मांडीवर मलूल पडली होती. गुरुबाईने घागरीत तांब्या बुडवला. "घे माय, घोटभर पी."

हेमावतीने बाटली कट्ट्यावर ठेवली आणि पोहरा विहिरीत सोडला.

"अक्का, तुमी कामून शेंदायलाव? आमी देताव की," एक बाई म्हणाली.

पोहरा वर आला. हेमावतीने त्यात कोपरापर्यंत हात बुडवला आणि पाणी परत विहिरीत ओतलं.

"मी करजगीची," ती म्हणाली. "आमचं घर तिथल्या बौद्धवाड्यात हाय. इथल्या कुनी न्हाई, मी बाटवली विहीर."

मग गुरुबाईने नातीच्या ओठांपासून तांब्या ओढला आणि पाणी मातीत ओतलं. शेजारणीने घागर उपडी केली. मग दुसरीने. पाणी ओघळत हेमावतीच्या चपलांखाली आलं.

बंडेप्पांचा हात वर गेला. ती डोळे मिटून उभी राहिली. पण मारायचं तर शिवावं लागलं असतं. हात तसाच खाली आला.

"वीरण्णा, हुमनाबादला जा," ते ओरडले. "आजच्या आज टँकर पायजे म्हनावं!"

माणसं पांगली. हेमावतीने पावडरीची पिशवी सोडली. आता तिला कुणी अडवत नव्हतं. कुणी जवळच येत नव्हतं.

चेअरमनच्या घरातून एक स्टीलचा कप भिरकावला गेला आणि खणखणत तिच्या पायाशी आला. सकाळी तिने चहा घेतला होता, तोच. तिने वाकून तो उचलला, पदराने पुसला आणि त्याच कपाने पावडर मोजायला घेतली.