दोरावरचे हात

चैत्राची कलती, ताम्रवर्ण, तापलेली दुपार. कड्याच्या कृष्णकभिन्न कपाळावर आग्या मोहोळांचे लोंबते पुंजके, आणि त्यांच्या आत उन्हाने शिजवलेला सुवर्णसांद्र मध. जांभळी फुलून गेल्या होत्या, मोसम ऐन भरात होता, आणि सोमा अंगणात दोर तपासत बसला होता.

या डोंगरात एक रीत आहे. मधासाठी कड्यावरून उतरतो तो नवरा. वर दोर धरतो तो त्याच्या बायकोचा भाऊ. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, तो मूठ उघडणार नाही. गेल्या मोसमात सोमाचा दोर लहानूने धरला होता; त्याच्या तोंडावर माशा बसल्या, डोळे सुजून मिटले, पण मेहुण्याचा दोर त्याने सोडला नाही.

त्याची बहीण, सोमाची बायको वनिता, लहानपणापासून घुमी. मौनमग्न, अंतर्लीन, स्वतःतच खोल उतरलेली. वाडी तिला खुळी म्हणे. मग तालुक्याला नर्सिंग शिकताना बाईंनी माणसांचे सोळा प्रकार सांगितले, आणि तिच्या घुमेपणाला नाव मिळालं: अंतर्मुख अंतर्ज्ञान. अशा माणसाला चित्र आधी दिसतं, कारण मागून कळतं. केवढा आनंद झाला पोरीला! खुळी नव्हती ती. तिला दिसत होतं. देव्हाऱ्यातल्या टाकासारखं तिने ते नाव जपलं. चित्राचा अर्थ मात्र ताडून पाहावा, असंही बाई म्हणाल्या होत्या. ते तिने नुसतं ऐकलं.

त्या दुपारी भाकरी थापताना चित्र आलं. निःशब्द, निश्चल, नितळ. कड्याच्या कडेवर ताठ दोर. आणि दोरावर लहानूचे हात नाहीत.

पिठाच्या हातांनीच ती माहेरी धावली, वाडीच्या दुसऱ्या टोकाला.

"दादा, आज दोर धरू नको. मला दिसलंया. दोरावर तुजं हात न्हाईत."

"म्हंजी मी सोडीन?" लहानूचा चेहरा काळवंडला. "माज्या हातानं तुजं कुकू पुसंन व्हय गं?"

ती गप्प राहिली. नेहमीसारखीच गप्प. त्या गप्प राहण्याने तो आतून मोडला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

घरी हे ऐकून सोमा हसला. "मध थांबतोय व्हय कुणासाठी? बुधा धरंल." बुधा त्याचा चुलतभाऊ. वनिताने होकाराची मान हलवली. रीत मोडली होती, आणि ती निर्धास्त झाली होती.

सांज उतरली, रक्तवर्ण, वाराहीन. दोराला सोमा, वर बुधा. धूर चढला. मोहोळ उठलं, कडा घुमू लागला, दरी घुमू लागली, आभाळ काळं होऊन घुमू लागलं. माशा बुधावर तुटून पडल्या. बुधा वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त तोंड झाकायला हात उचलले.

समोरच्या डोंगरसोंडेवरून वनिताने पाहिलं. एक क्षण दोर ताठ होता, आणि त्यावर लहानूचे हात नव्हते.

चित्र खरं होतं. तंतोतंत खरं होतं. अर्थ तेवढा तिचा होता.

सकाळी लहानू आला. कुणाशी बोलला नाही, बहिणीकडे पाहिलं नाही. त्याने सोमाची तिरडी बांधायला घेतली. बांबूवर बांबू, वेढ्यावर वेढा, गाठीवर गाठ. बांधून झाली तरी तो उठेना.

"लहानू, सोड आता," म्हातारे म्हणाले.

वनिता बघत होती. दोरीवर त्याचे हात होते. रुंद, राकट, घट्टे पडलेले हात. आणि ते सोडत नव्हते, सोडत नव्हते.