हरलेल्यांचा शोकप्रस्ताव

देगलूरची मतमोजणी दुपारी साडेचारला संपली आणि जिलानी सर चौथ्यांदा हरले. औसा गेलं, निलंगा गेलं, उदगीर गेलं. देगलूर तर त्यांचं स्वतःचं गाव, तिथंही नऊ मतं कमी पडली.

शिक्षक संघाचा अध्यक्ष निवडायला अजून दोन महिने होते. पण लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या त्या संघात प्रगती गटाचा उमेदवार आजवर कधी पडलेला नव्हता. त्यामुळे गटाचा उमेदवार कोण, हीच खरी लढाई. ती दर रविवारी एकेका तालुक्यात मतं घेऊन चालली होती. एका बाजूला जिलानी सर, गणिताचे शिक्षक, ज्यांनी आयुष्यात एक शिकवणी घेतली नाही. दुसऱ्या बाजूला संघाचे सरचिटणीस किशनराव. लातुरात त्यांचे पत्र्याच्या तीन शेडमध्ये क्लासेस चालत. पहाटे पाचला पहिली बॅच, आणि नांदेडपासूनची पोरं खोल्या करून राहायला आलेली.

आता फक्त नायगाव उरलं होतं. किशनराव साठ मतांनी पुढे होते आणि नायगावात मतं होती शंभर.

जिलानी सरांच्या अंगणात सगळे बसले. विरूपाक्ष भिंतीला टेकून बसला. तो लातुरात शिक्षक होता आणि पहिल्या रविवारपासून सरांबरोबर फिरत होता. प्रत्येक गावात तो खुर्च्या लावायचा, पत्रकं वाटायचा आणि फार बोलायचा नाही.

"मी पहिल्यापास्नं सांगून राहिलो," हणमंत म्हणाला. प्रचाराची सगळी धावपळ त्याच्याकडे होती. "जेवण द्या, जेवण द्या. किशनरावानं धाब्यावर पंगती उठवल्या. आपण काय दिलं? सरांचं भाषण!"

"जेवणानं न्हाई हरलो," नायगावचं काम पाहणाऱ्या लताबाई म्हणाल्या. "तुमच्या पत्रकानं हरलो. त्याच्या पोराला बारावीला एकोणपन्नास टक्के पडले, हे छापायची काय गरज होती?"

"खोटं होतं का?"

"खरं होतं म्हणून तर झोंबलं. निम्म्या मास्तरांच्या पोरांना तेवढेच पडलेत."

सरांच्या पत्नी जाहिदाभाभी चहा घेऊन आल्या. "तुम्ही त्याच्या लेकराला नापास केलं, लोकांनी तुम्हाला केलं," त्या म्हणाल्या, आणि हरलेल्या घरात पहिल्यांदा हसू फुटलं.

"तो काय कमी करतोय का?" हणमंत तापला. "त्याचं पत्रक बघा. भूकंपातल्या लेकरांना वह्या वाटताना फोटो. मागं सगळा ढिगारा. खाली काय लिहिलंय? 'संकटात धावून येणारा.' चार वर्षं झाली भूकंपाला, अजून त्याच ढिगाऱ्यावर उभं राहून मतं मागून राहिलाय. आणि आपल्याकडं खरं माणूस बसलंय भिंतीला टेकून, त्याला आपण बोलू देत न्हाई!"

सगळ्यांनी विरूपाक्षाकडे पाहिलं.

विरूपाक्षाच्या शर्टाच्या खिशात एक कागद कायम असे. कार्बनची प्रत, वर संघाच्या कार्यालयाचा आवक शिक्का. त्याची बायको शिवम्मा किल्लारीच्या बाजूच्या एका गावात विज्ञान शिकवायची. नवरा लातुरात, बायको तिकडं, म्हणून एका गावी बदली मिळावी असा तिचा अर्ज होता. नियमात बसणारा, रीतसर. शिफारशीची यादी किशनराव करायचे. चौदा महिने त्यांनी तो अर्ज टेबलाच्या खणात ठेवला, आणि लातूरची ती जागा दिली एका अशा शिक्षकाला, जो पहाटे त्यांच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणार होता. गणपती विसर्जनाच्या दिवशी दुपारी विरूपाक्षानं शिवम्माला एसटीत बसवलं, कारण गुरुवारी शाळा होती. गुरुवारची पहाट तिथल्या कुणाला नीट उजाडलीच नाही.

"सर," विरूपाक्ष म्हणाला, "हा अर्ज छापा. बाकी एक अक्षर लिहू नका. नुसता अर्ज अन् त्याच्यावरचा शिक्का."

जिलानी सरांनी मान हलवली. "न्हाई, विरूपाक्षराव. मेलेल्या बाईच्या नावावर मी मत मागणार न्हाई."

"ती माझी बायको हाय."

"हाव. म्हणूनच न्हाई. आज मी छापलं तर उद्या माझ्यात अन् त्याच्या फोटोत फरक काय राहिला?"

"फरक गेला खड्ड्यात," विरूपाक्ष म्हणाला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही जिंकावं म्हणून मी खुर्च्या उचलत न्हाई, सर. तुम्ही लई चांगले माणूस, पण तुमच्या जिंकण्याचं मला काही पडलेलं न्हाई. त्याला चारचौघांत खाली बसलेलं बघायचंय मला. एवढंच."

मग लताबाईंनी नायगावच्या कार्यक्रमाचा कागद काढला. तिथं आधी संघाची वार्षिक सभा आणि लगेच मतदान होतं. स्वागत, अहवाल, मार्गदर्शन, सगळीकडे किशनरावांची माणसं. जिलानी सरांच्या वाट्याला एकच ओळ आली होती, शोकप्रस्ताव.

"झालं," हणमंत म्हणाला. "हरणाऱ्याला शोकप्रस्ताव. नेहमीची रीत. व्यासपीठावर बोलावलं असंही होतं, अन् बोलूही दिलं न्हाई असंही."

विरूपाक्षानं तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"हे मला द्या," तो म्हणाला.

जिलानी सर सावध झाले. "तिथं अर्ज वाचणार?"

"न्हाई."

"त्याचं नाव घेणार?"

"न्हाई. नुसती नावं वाचीन. गेलेल्यांची. शब्द देतो."

विरूपाक्ष शब्द मोडणारा नव्हता, हे सरांना माहीत होतं. त्यांनी ते काम त्याला दिलं.

पुढच्या रविवारी नायगावचं मंगल कार्यालय भरलं होतं. मतं शंभर, पण सभेला दोन्ही जिल्ह्यांतून तीन-साडेतीनशे लोक आले होते. वर पत्रे तापलेले, पंखे नुसते घरघरत होते. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत किशनराव. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा, पायऱ्या चढताना दोघांनी हात दिला होता. मागच्या पडद्यावर तोच ढिगाऱ्यातला फोटो, चांगला दहा फूट.

विरूपाक्ष माईकपाशी गेला. त्यानं वर्षभरात वारलेल्या शिक्षकांची नावं वाचली. मग दरवर्षीप्रमाणे भूकंपात गेलेल्यांची. शेवटचं नाव वाचलं, "शिवम्मा विरूपाक्ष हिरेमठ, सहशिक्षिका." आवाज हलला नाही.

"सर्वांनी उभं राहून श्रद्धांजली वाहावी," तो म्हणाला.

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, माना खाली. किशनरावही उठले.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजून वीस मिनिटं.

दोन मिनिटांनी शोकप्रस्ताव वाचणाऱ्यानं 'बसावे' म्हणायचं असतं. बावीस झाले. विरूपाक्ष हात बांधून उभा होता. लोकांनी थोडी वाट पाहिली. तेवीस. कुणीतरी खोकललं. चोवीसला माना वर होऊ लागल्या. लोकांनी आधी विरूपाक्षाकडे पाहिलं. तो किशनरावांकडे पाहत होता, पापणी न हलवता. मग लोकही किशनरावांकडे पाहू लागले. अर्जाची गोष्ट न ऐकलेला माणूस त्या सभागृहात नव्हता. फक्त आजवर ती सगळ्यांच्या मनात एकाच वेळी आली नव्हती.

किशनरावांनी सूत्रसंचालकाला डोळ्यानं खुणावलं. तो माईककडे एक पाऊल आला आणि थांबला. मेलेल्यांसाठी उभ्या असलेल्या सभेला 'बसा' कोण सांगणार? किशनरावांना स्वतःला सांगता येईना. मागं दहा फुटांचे तेच धावून येत होते.

पंचवीस. त्यांनी टेबल धरलं. सव्वीस. कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात गेला. पहिल्या रांगेत एक म्हातारे गुरुजी काठीवर भार देऊन उभे होते, तेही बसेनात.

सत्तावीसला किशनराव बसले.

बसताना खुर्ची करकरली आणि तो आवाज मागच्या दारापर्यंत गेला. बाकी सगळं सभागृह उभं होतं. विरूपाक्षानं आणखी पूर्ण एक मिनिट त्यांना तसंच, एकटंच बसलेलं ठेवलं. मग माईकवर वाकून तो म्हणाला, "बसावे."

मतदान झालं. जिलानी सरांना त्र्याहत्तर, किशनरावांना सत्तावीस. मागची साठ धरून किशनराव चौदा मतांनी जिंकले. गुलाल उधळला गेला, पण जीपवर चढून नाचायला कुणी पुढे आलं नाही. किशनराव मागच्या दारानं गाडीत बसून गेले.

देगलूरकडे परतताना जीपमध्ये पुन्हा वाद पेटला.

"आठ फिरले असते तर उमेदवारी आपली होती!" हणमंत मांडीवर थापा मारत होता. "विरूपाक्षराव, अजून पाच मिनिटं उभं करायचं होतं!"

"अजून पाच मिनिटं केलं असतं तर लोक ह्यांच्यावरच चिडले असते," लताबाई म्हणाल्या. "जिथं थांबले तेच बरं केलं."

"मी थांबलो न्हाई," विरूपाक्ष म्हणाला. "तो बसला. तो बसला नसता तर मी थांबणार नव्हतो."

"कुठवर?" जिलानी सरांनी विचारलं. सबंध दिवसात ते पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले होते. शब्द मोडला म्हणावं तर मोडला नव्हता, आणि पाळला म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती.

"गावातले लोक सांगतात, दगडांखालनं तिचा आवाज सकाळी नऊपर्यंत येत होता," विरूपाक्ष म्हणाला. "चारला घर पडलं. पाच तास."

हणमंतानं खिडकीची काच वर केली, पुन्हा खाली केली.

विरूपाक्षानं खिशातला कागद चाचपला. तो जागेवर होता.

"आता अध्यक्ष तोच होणार," तो म्हणाला. "तीन वर्षं. दरवर्षी सभा होणार अन् तो मधल्या खुर्चीत बसणार. अन् आपण हरलेले." तो जिलानी सरांकडे वळला. "म्हणजे शोकप्रस्ताव आपल्याकडंच ना, सर?"

फाटा येऊन गेला तेव्हा सर म्हणाले, "हाव. आपल्याकडंच."

"मग कार्यक्रमात तुमचं नाव आलं तरी तो मलाच वाचायला द्या," विरूपाक्ष म्हणाला.