संजीवनीबाईंचा लोणारचा मुक्काम

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची एक जुनी बाज आहे. लोणारच्या जुन्या गावातल्या एका बोळात बेबीताईंचे घर आहे. त्यांच्या सासऱ्यांनी मला स्वतःच्या हाताने सुंभाने विणले. पुढे सरोवर पाहायला येणारी माणसे मुक्कामाला जागा विचारू लागली, तेव्हा बेबीताईंनी समोरची खोली सारवून मला तिथे ठेवले. सकाळी पाहुणे म्हणायचे, "किती दिवसांनी अशी झोप लागली." मला फार बरे वाटे.

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या निवृत्त शिक्षिका संजीवनीबाई एकट्याच आल्या.

"मॅडम, सडकेवरच्या हाटेलात एसी आहे," बेबीताई म्हणाल्या. "आमच्याइथं नुसता पंखा. तुमाले गरम होईन."

"मला गावातच राहायचंय. हॉटेलं काय, सगळीकडे सारखीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सरोवराचा चढ चढून आल्या, माझ्यावर बसल्या आणि छाती दाबून आडव्या झाल्या. त्यांच्या घामाने माझा सुंभ भिजला. बेबीताईंनी शेजारच्या इंद्रभानदादांना हाक मारली. त्यांनी फोन केला. रुग्णवाहिका लवकर आली, पण बोळाच्या तोंडाशीच अडली. तिथे कोणाच्या तरी बांधकामाची रेती पडली होती आणि तिच्या कडेने मोटरसायकली लावल्या होत्या.

"बाजेवरच नेऊ त्याईले," इंद्रभानदादा म्हणाले.

बोळातल्या चौघांनी मला उचलले. रेतीवर एकाचा पाय घसरला. मी भिंतीवर आदळले आणि माझा एक पाय मोडला. पण त्यांना मी पडू दिले नाही.

संजीवनीबाई वाचल्या. त्यांचा मुलगा सामान न्यायला आला.

"अशा जागी माणसं ठेवताच कशी तुम्ही?"

 आईची धुऊन घडी केलेली साडी तेवढी बेबीताईंनी त्याच्या हातात दिली.

चार महिन्यांनी संजीवनीबाईंचा फोन आला. दिवाळीनंतर तीच खोली मिळेल का, असे त्या विचारत होत्या. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होते.

"खोली भरलेली आहे, मॅडम," बेबीताई म्हणाल्या. मग फोन पदरात धरून त्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या.

मित्रांनो, माझा पाय कोणी बसवला नाही तरी चालेल. पण बोळातली वाट अडवू नका. पाहुणे ठेवणे आता थांबले आहे. बेबीताई मात्र इथेच राहतात, आणि त्याही थकत चालल्या आहेत.