ऑक्सिजनला दोन संयुजा

"मग पाण्याचा रेणू कसा बनतो, सांग बघू," ठाण्याहून मुलाखतीला आलेल्या साहेबांनी नवशाला विचारलं, आणि इकडे घाम मलाच फुटला.

नवशा आमच्या बोईसरच्या शाळेतला शिपाई. घंटा देऊन झाली की माझ्या वर्गाच्या दाराशी उभा राहून विज्ञान ऐकायचा, बारा वर्षं. चौऱ्याऐंशी साली प्रयोगशाळेत परिचराची जागा निघाली आणि त्याला ती जिवापाड हवीशी झाली. बाटल्या पुसायच्या, काचेची नळकांडी सांभाळायची, एवढंच काम. पण साहेबांना त्याच्या डोक्यात काय शिरलंय ते पाहायचं होतं.

"ऑक्सिजनला संयुजा दोन," नवशा म्हणाला. "हायड्रोजनला एकच. मग ऑक्सिजनने एक संयुजा ह्या हायड्रोजनला दिली, एक त्याला. त्या दोघांनी आपापली ऑक्सिजनकडे दिली. साटंलोटं. कोनाचीच घरात ऱ्हायली नाय. झालं पानी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. बारा वर्षं मी फळ्यावर संयुजा लिहीत होते आणि हा भला माणूस तिला अनुजा, तनुजा यांच्यासारखी लेक समजत होता! एक अणू किती बंध जोडू शकतो याचा तो नुसता आकडा, हे त्याला सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. पण चूक तरी कुठे होती? पुस्तकातले अणूही दोन्हीकडून एकेक इलेक्ट्रॉन देऊनच जोडले जातात.

साहेबांना आता मजा वाटू लागली. त्यांनी कार्बन डायऑक्साइड विचारला. नवशा म्हणाला, कार्बनचं अवघड, त्याला चौघी. म्हणून त्याने दोन-दोन बहिणी एकेका घरात दिल्या, आमच्या बेटेगावात देतात तशा. असं दुहेरी नातं सहजी तुटत नाही, हेही त्याने वर सांगून टाकलं. हेडसर तोंडाला रुमाल लावून हसत होते.

"आणि हेलियम?"

नवशा पहिल्यांदाच थांबला. त्याला आणि त्याच्या बायकोला, नर्मदेला, मूल नाही, हे साहेबांना कुठून ठाऊक असणार? मला फार वाईट वाटलं.

"त्याला संयुजाच नाय, साहेब," तो म्हणाला. "सोयरीक नाय कोनाशी. पन भिंतीवरच्या तक्त्यात त्याला बी घर दिलेलं हाय. दोन नंबरचं."

साहेबांनी नवशाच्या नावापुढे सही केली आणि समोरची खुर्ची ओढून म्हणाले, "बसा तुम्ही."

इतका वेळ तो उभाच होता.